पाखरोबाचा पहिला पुजारी

परभणी जिल्ह्यात समुद्र नाही, हे मला माहीत आहे. आधीच लिहून टाकतो, कारण गेली नऊ वर्षं दर रविवारी मी हातात पत्रक घेऊन नदीकडं निघालो की कुणी ना कुणी मला हे ज्ञान देतंच. पूर्णा स्टेशनाबाहेरचा चहावाला तर न चुकता विचारतो, "काका, भरती आली का?" मी म्हणतो, "तुझ्या चहात जेवढं पाणी हाय, तेवढी आली."

भरतीचं विचारायला कारण आहे. माझ्या पत्रकावर वरतीच ठळक छापलंय: 'समुद्रकिनारा निरीक्षण पत्रक'. त्यात भरती-ओहोटीचा रकाना आहे, 'किनाऱ्यावर आलेली मृत कासवे' असा रकाना आहे, 'जहाजातून सांडलेले तेल' असासुद्धा आहे. हे पत्रक कोकणातल्या कुठल्याशा किनाऱ्यासाठी तयार झालेलं. परभणीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी ते मागवून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की, आपली पूर्णा नदी गंगेला मिळते, गंगा, म्हणजे आपली गोदावरी, थेट बंगालच्या उपसागरात जाते, म्हणजे आपण इथं टाकलेला कचरा समुद्रालाच जातो. मग तो शेवटाला मोजण्यापेक्षा सुरुवातीला मोजू. मला पटलं. जहाजाच्या रकान्यात मी आडवी रेघ मारतो. भरती-ओहोटीच्या रकान्यात लिहितो, 'वरच्या धरणाचं पाणी सुटलं' किंवा 'सुटलं नाही'. आमच्याकडची भरती-ओहोटी तेवढीच.

मी रेल्वेत चाबीवाला होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रूळ जिथं स्लीपरला धरून असतो तिथं एक लोखंडी चाबी ठोकलेली असते. गाड्यांच्या हादऱ्यानं ती ढिली पडते. चाबीवाल्यानं रोज पहाटे हातोडा खांद्यावर टाकून आपला ठरलेला पट्टा चालायचा, एकेक चाबी बघायची, ढिली असली तर ठोकायची, रुळाला तडा दिसला तर लाल झेंडी लावायची. बत्तीस वर्षं मी हेच केलं. आमच्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती, "बघितलं तेवढंच सांगायचं. 'ठीक असंल' हा शब्द आपल्या कामात न्हाई." आणि दुसरी गोष्ट मी स्वतः शिकलो. दोन काठ्यांना लाल कपडा बांधून रुळावर रोवला की अख्खी एक्स्प्रेस थांबते. आत मंत्री असो का मेंढरू. लाल कपड्यावर माझा जो भरवसा बसला तो तिथं बसला, आणि पुढं त्यानंच माझा घात केला.

रिटायर झाल्यावर पाय घरी थांबेनात. सकाळी पुलाखालून नदीच्या काठानं चालायला लागलो. एकदा त्या कॉलेजच्या बाई पोरापोरींना घेऊन पाखरं मोजायला आल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, त्या वळणाच्या पलीकडं वाळूचं बेट हाय, तिथं परवा बारा होती, आज नऊच दिसायलीत." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू त्यांना हरवलेली वस्तू सापडली. त्याच दिवशी पत्रकांचा गठ्ठा माझ्या हातात आला.

काम साधं आहे. पुलाच्या खांबापासून खालच्या डोहापर्यंतचा एकच पट्टा, दर रविवारी, सकाळीच. जाताना पाखरं मोजायची, येताना कचरा. कचरा उचलायचा, प्रकारवारी लावायचा, आकडा टाकायचा आणि शेवटच्या रकान्यात लिहायचं 'उगम', म्हणजे हा कुणाकडून आला. घरट्यापासून वीस पावलं लांब राहायचं. अंड्याला हात लावायचा नाही. नऊ वर्षांत माझे दोनच रविवार चुकले. एकदा बायकोचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. दुसऱ्यांदाचं कारण पुढं येईल.

कचऱ्यात काय सापडतं ते ऐकायचंय? गुटख्याच्या पुड्या, पाण्याचे पाऊच, दारूच्या क्वार्टर, हे तर आहेच. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, त्याही नदीतच विसळून टाकलेल्या. मेलेल्या माणसाची गादी. लेकरांचे डायपर. आणि देव. होय, देव. काच फुटलेले, फ्रेम उसवलेले, लक्ष्मी, गणपती, दत्त, सगळे चिखलात उताणे पडलेले. घरात नवा फोटो आणला की जुन्याला नदी.

एकदा एक गृहस्थ परभणीहून मोटारीतून आले. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं गोड. गाडीतून निर्माल्याची पिशवी काढली. प्लास्टिकची, वर दोन गाठी मारलेली. मी म्हणालो, "साहेब, फुलं टाकायची तर टाका, पण पिशवी सोडून टाका."

"त्यात हात घालायचा नसतो काका. पवित्र असतं."

"मग पिशवी पवित्र आहे का?"

"तुम्ही नास्तिक आहात का?" असं विचारून त्यांनी पिशवी लांब भिरकावली आणि हात जोडले. पिशवी बुडाली नाही. हवा भरलेली होती, तरंगत तरंगत माझ्याकडंच आली. मी ती काठीनं ओढली, गाठी सोडल्या, फुलं काठावर पुरली आणि पिशवी मोजली. त्या माणसाचा राग मला अजून येतो. ज्याला देवाच्या फुलाला हात लावायचा विटाळ वाटतो, त्याला नदीच्या तोंडात प्लास्टिक कोंबायला काही वाटत नाही!

ह्या सगळ्यात मला सोबत म्हणजे धुरपताबाईची. काठावरच्या गावातली म्हातारी, चाळीसेक शेळ्यामेंढ्या घेऊन रोज नदीवर असते. गावाचं नाव लिहीत नाही, भांडणं नकोत. पहिल्या भेटीत तिनं मला विचारलं, "काय चाबीवाले, रेल्वेनं घरी बसवलं म्हनून आता नदीला चाब्या ठोकायलात का?" तेव्हापासून तिच्यासाठी मी चाबीवालेच.

त्या वाळूच्या बेटावर जी पाखरं अंडी घालतात त्यांना पुस्तकात नदी सुरय म्हणतात. अंग राखाडी-पांढरं, चोच पिवळी, शेपूट कैचीसारखं आणि डोक्यावर काळी टोपी. धुरपताबाई त्यांना टोपीवाले म्हणते. फाल्गुनात पाणी आणखी उतरलं की बेट पुरतं उघडं पडतं आणि टोपीवाले येतात. घरटं म्हणजे काय, वाळूत बूड घासून केलेला खळगा. त्यात दोन-तीन अंडी, रंग अगदी खड्यांचा. पायाखाली आली तरी कळायचं नाही. आणि ऊन तर आमच्याकडचं! वाळूवर अनवाणी चालवत नाही. पाखरू अंड्यावर बसतं ते ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. जोडीतलं एक उडतं, नदीत पोट भिजवतं, येऊन ओल्या पोटानं अंडी गार करतं. मग दुसरं जातं. दिवसभर हीच पाळी. दुपारी अर्धा तास जरी त्याला कुणी उठवलं तर अंडं जागेवर शिजतं. तुडवायची गरजच नाही. नुसतं जवळ जाऊन बसलं तरी खून होतो.

धुरपताबाईला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तरी फाल्गुन लागला की ती शेळ्या बेटाकडं जाऊ देत नसे. "लेकुरवाळीच्या घरात शिरू ने," एवढंच म्हणायची.

मग बेटावर ट्रॅक्टर आले. वाळू कुणाची, उपसतं कोण, परवानगी आहे का नाही, ते मी बोलत नाही. सगळ्यांना मालूम आहे. एका रविवारी गेलो तर बेटाचा एक कोपराच गायब, आणि चाकोरीत तीन घरटी भुगा झालेली. टोपीवाले वरून जीव तोडून ओरडायलेले. मी जे बघितलं ते लिहिलं आणि पत्रकाची नक्कल जोडून एका कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे पाखरांनी वाळूवर अतिक्रमण केलंय, असं म्हणायचंय का तुम्हाला?" सगळी टेबलं हसली. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "पत्रक समुद्राचं आहे. समुद्र आमच्या हद्दीत येत नाही." तिसऱ्या खेपेला साहेब भेटलेच नाहीत. मी जिना उतरताना हातोडा हातात नव्हता, हे बरंच झालं.

शेवटी मी माझ्या धंद्यातला उपाय केला. जिथं धोका तिथं खूण. घरट्यांच्या भोवती मोठमोठे गोटे आणून गोल मांडला, रेल्वेत मारतो तसा त्यांना चुना मारला आणि मधोमध काठी रोवून लाल कपडा बांधला. अकरा घरटी आत आली. मला वाटलं, लाल कपडा बघितला की माणूस थांबतो. बत्तीस वर्षं थांबतानाच बघितलं होतं.

पुढच्या रविवारी गेलो तर खरंच ट्रॅक्टर गोलाला वळसा घालून गेलेले. चाकाच्या खुणा सरळ येत होत्या आणि गोलाजवळ येऊन अदबीनं वळल्या होत्या. मी खूश! मग लक्ष गेलं. सगळ्यात मोठ्या गोट्याला कुणीतरी शेंदूर फासला होता. पुढं फोडलेला नारळ, उदबत्तीचा पुडा, लिंबू.

तेवढ्यात एक ट्रॅक्टर आला. मी ड्रायव्हरला विचारलं, "बाबा, हे कुणी केलं?"

"मालूम न्हाई काका. पन जागा कडक हाय. वर पाखरं फिरतेत, मानूस जवळ गेला की टोचा मारतेत. राखण हाय देवाची. हितली वाळू कोन भरतंय? ट्रॅक्टर उलटा व्हायचा."

कायदा ज्याला वळवू शकला नाही त्याला चार आण्याच्या शेंदरानं वळवलं! त्या साहेबाची टेबलं आठवून मला असा काही आनंद झाला की काय सांगू. धुरपताबाई शेळ्या घेऊन काठावर उभी होती. तिला हाक मारून सांगितलं. ती हसली नाही.

"चाबीवाले, देव बसवनं सोपं हाय. उठवनं लय अवघड."

मी ऐकलं नाही. ऐकलं नाही एवढंच नाही, तर ऊन आणि वारा लागून शेंदूर फिका पडायला लागला तेव्हा मी स्वतः पूर्ण्याच्या बाजारातून शेंदराची पुडी आणली आणि तेलात कालवून पुन्हा लावला. एकदा नव्हे, त्या हंगामात चारदा. टोपीवाल्यांना आता माझी ओळख झाली होती असं मला उगीच वाटायचं. मी झटपट जायचो, सकाळच्या गारव्यात लावायचो आणि परतायचो. त्या वर्षी बरीच पिल्लं उडाली. मी आकडा टाकून पत्रक पाठवलं. बाईंचा फोन आला, "काका, कमाल केलीत! कसं जमवलं?" मी म्हणालो, "खुणा लावल्या." शेंदराचं लिहिलं नाही. 'बघितलं तेवढं सांगायचं' हा नेम मी जन्मात पहिल्यांदा मोडला, आणि तो कुणाच्या दबावाखाली नाही तर स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मोडला.

पावसाळ्यात पुरानं सगळं नेलं. मला वाटलं, देव गेला. पण देव असा जातो होय? पाणी उतरताच गावातल्या लोकांनी नवा गोल मांडला. पहिल्यापेक्षा मोठा. नावही पडलं होतं, पाखरोबा. मंगळवारी, शनिवारी माणसं यायला लागली. कुणाची म्हैस दूध द्यायला लागली, कुणाच्या पोराला नोकरी लागली. फाल्गुनात टोपीवाले आले तेव्हा गोलाच्या आत सतरा घरटी मी मोजली. माणसं सकाळी यायची, नारळ फोडून जायची. मी कचरा उचलायचो आणि मनाला समजवायचो की ट्रॅक्टरपेक्षा हे परवडलं. 'ठीक असंल'. हाच तो शब्द.

चैत्रात राणीसावरगावला साडूच्या मुलीचं लग्न होतं. तो माझा दुसरा चुकलेला रविवार. त्याच रविवारी गावात बैठक होऊन पुढच्या रविवारी भंडारा ठरला, आणि मला त्याचा पत्ता नाही.

मी नेहमीच्या वेळी पुलाखाली उतरलो तर लांबूनच भोंगा ऐकू आला. वळणावर आलो. बेटावर मंडप. ज्या ट्रॉल्यांनी वाळू उपसली त्याच ट्रॉल्यांतून मंडपाचे बांबू, पाण्याचे ड्रम आणि माणसं गुडघाभर पाण्यातून पलीकडं चालली होती. तोच ड्रायव्हर. मला बघून हात जोडून म्हणाला, "चला काका, बसा, परसाद घ्या."

दहा वाजेपर्यंत बेट माणसांनी भरलं. गोलाच्या आत कुणी पाय ठेवत नव्हतं बरं का, तेवढी भक्ती होती. सगळे गोलाला खेटून बसले होते, अदबीनं, हात जोडून. आणि वर सगळे टोपीवाले. चौतीसच्या चौतीस. घिरट्या घालत, खाली झेपावत, ओरडत. खाली उतरायला जागाच नव्हती. माझ्या शेजारची एक बाई लेकराला वर दाखवायली, "बग बग सोन्या, पाखरं देवाला परदक्षना घालायलेत. हात जोड."

माझ्या डोक्यात असा जाळ झाला! मी त्या बाईला म्हणालो, "अहो माय, त्यांची अंडी शिजायलीत खाली! ती बोंबलायलीत!" ती माझ्याकडं वेड्याकडं बघावं तशी बघायली. मी मंडपाकडं धावलो. माइक गावातल्या एका पुढाऱ्याच्या हातात होता. मी ओरडलो, "बंद करा हे! उठा सगळे! तासभर तरी लांब व्हा! पाखरांना बसू द्या!"

"काका, शांत व्हा. देवाच्या कामात इघ्न नको."

"कसला देव? हे दगड मी मांडले होते! चुना मी मारला होता! शेंदूरबी मीच लावलाय, चारदा! विचारा धुरपताबाईला!"

धुरपताबाई काठावरूनच ओरडली, "खरं हाय! ह्यांनीच लावलाय शेंदूर. मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी!"

भजन थांबलं. सगळं बेट माझ्याकडं बघायला लागलं. मला वाटलं, आता मार खातो. खाल्ला असता तर बरं झालं असतं. मारामारीत गर्दी तरी पांगली असती. पण पुढारी हुशार माणूस. त्यानं दोन क्षण विचार केला आणि माइक तोंडाला लावला.

"मंडळी, ऐकलं का? पाखरोबानं पहिलं दर्शन कुणाला दिलं हे इतके दिवस कुणाला मालूम नव्हतं. आज देवानं त्यांच्या तोंडून वदवून घेतलं! हे आपले पहिले पुजारी! बोला, पाखरोबाच्या नावानं..."

आणि जो गजर झाला! मला उचलून खुर्चीत बसवलं. गळ्यात हार, अंगावर शाल, मांडीवर नारळ. पाया पडायला रांग लागली. मी उठायचो, चार हात मला बसवायचे. मी ओरडायचो, भोंगा माझ्यावर ओरडायचा. एक गोष्ट लिहायची लाज वाटते, पण लिहितो. शाल अंगावर पडली तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. बत्तीस वर्षं चाललो, कुणी कधी मान वर करून बघितलं नव्हतं, आणि इथं चार-पाचशे माणसं माझं नाव घेत होती. एक क्षणच. पण तो क्षण मी खाल्ला, आणि डोक्यावर ती पाखरं ओरडत होती.

माणसं उठेपर्यंत तीन वाजले. ऊन वाळूवर नाचत होतं. टोपीवाले आता ओरडत नव्हते. काही जणी येऊन अंड्यावर बसल्या, पोटं ओली करून. मी वीस पावलांचा नेम पुन्हा मोडला. दुसरा नेमही मोडला. एका मोकळ्या घरट्यातलं अंडं उचललं. तळहातावर ठेववेना इतकं गरम, चुलीतून नुकतं काढल्यासारखं. धुरपताबाई पाण्यातून चालत माझ्याजवळ आली, तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि परत खळग्यात ठेवलं.

"बसू द्या तिला," ती म्हणाली. "तिला कळंल तवा उठंल ती."

मग मी कचरा मोजायला बसलो. धुरपताबाईनं पदर खोचला आणि तीही वाकली. पत्रावळ्या, त्याही प्लास्टिकचा कागद चिकटवलेल्या. ग्लास, पाऊच, नारळाच्या शेंड्या, हारांचे दोरे, उदबत्तीचे पुडे. नऊ वर्षांत एका दिवसाला एवढा कचरा मी कधी मोजला नव्हता. माझी पाच पोती भरली. सूर्य मावळायच्या आत पत्रक पुरं केलं. घरटी: सतरा. पिल्लं: शून्य. शेवटचा रकाना उरला, उगम. तिथं मी आजवर बिनदिक्कत लिहीत आलो होतो: भाविक, शेतकरी, दारुडे, वाळूवाले. दुसऱ्यांची नावं लिहायला पेन कधी अडखळत नाही. त्या दिवशी तिथं मी माझं पूर्ण नाव लिहिलं, आणि कंसात 'निवृत्त चाबीवाला, पूर्णा'. खाली शेराच्या जागेत शेंदराच्या पुडीपासून सगळी कैफियत लिहिली.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. "काका, उगमाच्या रकान्यात चुकून तुमचं नाव पडलंय."

"चुकून नाही, बाई. बघितलं तेवढंच लिहिलंय."

मग म्हणाल्या, "रविवारी जाणार ना?" मी म्हणालो, जाणार.

पुढचं थोडक्यात. धुरपताबाईनं मला एक दिवस गाठून सांगितलं, "पुजारी केलंय ना तुमाला? मंग बसा की पुजाऱ्यासारखं. देवाला नेम लावा. फाल्गुन ते मिरग पाखरोबा निजतो, बेटावर पाय ठेवायचा न्हाई म्हनावं."

"म्हणजे पुन्हा खोटं बोलू?"

"खरं बोलून बघितलंत की. शाल मिळाली."

मला चीड आली, आणि ती तिची नव्हे. तीन खेपा मी अर्ज घेऊन जिने चढलो, नऊ वर्षं आकडे पाठवले, भर मंडपात खरं ओरडून सांगितलं, त्याचा उपयोग शून्य. आणि गावात जाऊन मी नुसतं म्हणालो, "पाखरोबा मला म्हणालाय," की लगेच सगळ्यांनी माना डोलावल्या! पुढाऱ्यानं स्वतःच्या हातानं पाटी लिहिली. पाण्याच्या अलीकडं दोरी बांधली. एक जण विचारत नाही, का? पाखरांसाठी लांब राहा म्हटलं तर मी वेडा, देवासाठी म्हटलं तर मी पुजारी. ह्या शहाणपणाला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं, मी म्हटलं तर संपादकांना छापता येणार नाही.

यंदा फाल्गुन लागल्यापासून बेटावर माणसाचं पाऊल नाही. ट्रॅक्टर नाही. वाळू अशी स्वच्छ की बेटावर मोजायला काही सापडत नाही, काठावर तेवढं थोडंफार. मी दर रविवारी काठावर बसतो, धुरपताबाई शेळ्या लांब वळवून येऊन बसते. चैत्र गेला. वैशाख चाललाय. टोपीवाले आले नाहीत. एकदा दोन आले होते, बेटावरून खाली एक फेरी मारली आणि गंगेच्या अंगाला निघून गेले. धुरपताबाई ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. "ध्यानात ठिवलंय त्यांनी," ती म्हणाली.

गेल्या रविवारी परभणीहून दुसराच एक माणूस आला. दोरीच्या अलीकडं चपला काढून उभा राहिला, पाण्याला पायसुद्धा लावला नाही. बेटाकडं बघून हात जोडले. मग मला ओळखून जवळ आला.

"पुजारीबुवा, देवाच्या डोक्यावर पाखरं असतेत म्हने. यंदा दिसेनात?"

मी म्हणालो, "मी घालवली ती."

त्याला वाटलं मी काहीतरी खोल बोललो. तो वाकून माझ्या पाया पडला. मग पिशवीतून निर्माल्य काढलं, प्लास्टिकमध्ये बांधलेलं, वर दोन गाठी मारलेल्या, आणि मी "अहो!" म्हणेपर्यंत नदीत भिरकावून, हात जोडून, निघून गेला.

पिशवी तरंगत माझ्याकडंच आली. मी ती काठीनं ओढली, गाठी सोडल्या, फुलं पुरली. पत्रकावर घरट्यांच्या रकान्यात शून्य लिहून झालं होतं. कचऱ्याच्या रकान्यातही नऊ वर्षांत पहिल्यांदाच शून्य लिहिलं होतं. ते खोडलं आणि लिहिलं, एक.